गल्ल्यावरची गोळी आणि मुलांचे दात

आपण व्यापारी माणसे खर्चाची नोंद ठेवण्यात सहसा चुकत नाही. दुकानाचे भाडे, वीजबिल, हमाली, वाहतूक, कामगारांचा पगार, बुडालेली उधारी, सगळे वहीत येते. मात्र एक खर्च असा आहे की तो कोणाच्याच वहीत दिसत नाही आणि तरीही सातारा, कराड, सांगली, मिरज या आपल्या भागातील कितीतरी घरे तो भरत असतात. तो म्हणजे मुलांच्या किडलेल्या दातांचा खर्च. रात्रभर ठणकणारी दाढ, मुलाची बुडालेली शाळा, त्याला दवाखान्यात नेण्यासाठी बापाने मोडलेला दिवस, आणि शेवटी दाताच्या डॉक्टरांचे बिल. दुकानदाराचे एक वेळ भागून जाते. पण शिवणकाम करणारा, गाद्या भरणारा, गॅरेजमध्ये राबणारा, वेल्डिंग करणारा कारागीर रोजावर जगतो. त्याचा बुडालेला दिवस कोण भरून देणार?

हा प्रश्न थोड्या मुलांचा नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली होती. तीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांचे दात किडलेले आढळले, आणि बारा वर्षांच्या मुलांचेही प्रमाण तसेच होते. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातील कोणत्याही दोन मुलांना तोंड उघडायला सांगा, त्यांपैकी एकाच्या तोंडात कीड सापडण्याचा संभव आहे.

हा विषय आरोग्याच्या पानाचा आहे, व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे काही वाचक बंधू विचारतील. उत्तर सोपे आहे. मुलाच्या हातात पडणारी गोळी आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी घाऊक बाजारातून आणतो, कोणीतरी बरणीत भरतो आणि कोणीतरी गल्ल्यावर ठेवतो. सुट्टा रुपया नसला की गोळी देण्याची रीत आपलीच. कापड दुकानात आई साड्या पाहत असते, कडेवरचे मूल किरकिर करू लागते आणि गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून मुलाच्या हातात गोळी ठेवली जाते. हीही आपल्याच बाजाराची रीत. तेव्हा हा विषय आपल्या गल्ल्यापासूनच सुरू होतो.

अलीकडे या प्रश्नावर एक उपाय सांगितला जातो. साखरेच्या जागी नैसर्गिक गोड पदार्थ वापरा, म्हणजे मुलांचे दात वाचतील. हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असलेल्या मालाची पारख अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

दात किडतो कसा

दाताला कीड लागते म्हणजे आत अळी शिरते, असा जुना समज अजून पुष्कळ ठिकाणी आहे. खरी गोष्ट वेगळी आहे. आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. त्यांपैकी काही जंतू साखर खातात आणि तिचे आम्ल बनवतात. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा त्यांतला प्रमुख. लंडनमधील जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये त्याचे वर्णन केले. हे आम्ल दातावरच्या कठीण आवरणातील क्षार विरघळवते. लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि गेलेले क्षार थोडेफार परत बसवते. मात्र त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तासाची उसंत लागते. मूल दर तासाला एक गोळी चघळत राहिले, तर ही उसंत लाळेला मिळतच नाही. दिवसभर झीज चालू राहते आणि एक दिवस दाताला खड्डा पडतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मुलाने एकूण साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली याला महत्त्व आहे. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ नंतरच्या काही वर्षांत हे दिसून आले. तेथील मतिमंद रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे गोड खायला देण्यात आले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत, पण दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. असहाय रुग्णांवर असा प्रयोग करणे अन्यायाचे होते आणि पुढे त्याबद्दल तीव्र टीकाही झाली. मात्र त्यातून मिळालेला धडा आजही दंतवैद्यकात मानला जातो.

म्हणून ईदच्या सकाळी वाडगाभर शीरखुर्मा खाल्ल्याने मुलाचे दात किडत नाहीत. लग्नाच्या जेवणातला गोड पदार्थ किंवा साताऱ्याचा कंदी पेढा जेवणाबरोबर एकदा खाल्ल्यानेही आभाळ कोसळत नाही. शाळेत जाताना एक गोळी, मधल्या सुट्टीत एक, दुकानात अब्बांकडे आल्यावर एक, आणि झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली, हा रोजचा रतीब दात खातो. सण बदनाम होतो आणि रतीब सुटून जातो!

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

आता त्या नैसर्गिक शब्दाकडे वळू. हा शब्द आज बाजारात फार खपतो. साखर वाईट, गूळ चांगला. साखर वाईट, मध चांगला. असे ऐकू येते. आपल्या दोन जिल्ह्यांत तर नैसर्गिक गोडाची वाण नाही. सांगली आणि कराडचा गूळ प्रसिद्ध आहे. महाबळेश्वरच्या मधाचा लौकिक मोठा आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तासगावचा बेदाणा देशभर जातो. फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मधुरा नावाची गोड ज्वारी तयार केली आणि तिच्या ताटांच्या रसापासून काकवीसारखा पाक करण्याचे तंत्र बसवले. हे सर्व पदार्थ नैसर्गिक आहेत आणि आपल्या मातीतले आहेत. शेतकऱ्याला त्यांतून दोन पैसे मिळावेत, याबद्दल दुमत नाही.

पण दातावर बसलेल्या जंतूला हा माल कोणत्या गावचा, हे कळत नाही. गुळात ऊसाचीच साखर असते. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते. ज्वारीच्या पाकात हीच मंडळी निराळ्या प्रमाणात असतात. जंतू या सगळ्यांचे आम्ल करतो. बेदाणा तर दाढेच्या खाचेत चिकटून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी शिफारस केली, तीत वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांचा रस यांतील साखरही मोजली आहे. रोजच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी उष्मांक अशा साखरेतून यावेत, आणि पाच टक्क्यांहून कमी असतील तर अधिक चांगले, असे संघटनेचे म्हणणे आहे. रोज सोळाशे उष्मांक खाणाऱ्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे अवघी वीस ग्रॅम, साधारण चार-पाच चमचे साखर झाली.

येथे भाषेची एक गंमत आहे. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला मिस्री म्हटले की खडीसाखर आठवते. सातारा-सांगलीकडे मिसरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू, जो पुष्कळ बायका दात घासण्याच्या नावाखाली हिरड्यांना चोळतात. एक मिस्री गोड, दुसरी कडू. पहिली वारंवार चघळली तर दात जातो. दुसरी लावत राहिले तर हिरड्या जातात आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती राहते. दोन्ही वस्तू झाडापासूनच होतात, म्हणजे नैसर्गिकच! तेव्हा नैसर्गिक या एका शब्दावर माल घेऊ नये. मुलाच्या दातांपुरता प्रश्न एकच विचारायचा: तोंडातला जंतू हा पदार्थ खाऊन आम्ल करू शकतो का?

जंतूला न पचणारी गोडी

या कसोटीला उतरणारा एक पदार्थ म्हणजे झायलिटॉल. दिसायला साखरेसारखा, गोडीला जवळपास साखरेइतकाच, आणि जिभेवर ठेवला की थोडा थंडावा देणारा. साखरेच्या एका ग्रॅममध्ये सुमारे चार उष्मांक असतात, याच्यात सुमारे २.४. हा काही फळांत आणि भाज्यांत अल्प प्रमाणात असतो. बाजारातला माल मात्र लाकूड, मक्याची बुरकुंडे अशा वनस्पतींच्या भागांतील झायलोज नावाच्या साखरेपासून कारखान्यात तयार होतो. झायलॉन या ग्रीक शब्दाचा अर्थच लाकूड. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९१ च्या सुमारास हा पदार्थ तयार केला होता. दातांच्या बाबतीत त्याचे महत्त्व कळायला मात्र पुढे ऐंशी वर्षे लागली.

फिनलंड या थंड देशात बर्च झाडांचे लाकूड मुबलक आहे. तेथील तुर्कू विद्यापीठात आर्ये शाइनिन आणि काउको मॅकिनेन यांनी १९७२ पासून दोन वर्षे एक मोठा प्रयोग केला. सुमारे सव्वाशे स्वयंसेवकांचे तीन गट पाडले. एका गटाने नेहमीची साखर खाल्ली, दुसऱ्याने फळांतील साखर म्हणजे फ्रुक्टोज, आणि तिसऱ्याने आहारात साखरेऐवजी झायलिटॉल. दोन वर्षांनी साखरेच्या गटात माणशी सरासरी सातहून अधिक दातांच्या बाजूंवर नवी कीड दिसली. फ्रुक्टोजच्या गटात ती जवळपास निम्मी होती, आणि झायलिटॉलच्या गटात वाढ जवळजवळ शून्य होती.

पुढे मध्य अमेरिकेतील बेलीझ या गरीब देशात १९८९ ते १९९३ या काळात, चाळीस महिने, बाराशेहून अधिक शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. ही मुले साधारण दहा वर्षांची होती. ज्यांनी साखरेचे च्युइंगम चघळले त्यांची कीड वाढली, आणि ज्यांनी निव्वळ झायलिटॉलचे च्युइंगम दिवसातून अनेक वेळा चघळले त्यांची कीड पुष्कळ कमी झाली.

तिसरा अनुभव आयांचा आहे आणि तो आपल्या घरांना फार लागू पडतो. तान्ह्या मुलाच्या तोंडात हे जंतू बहुधा आईच्या तोंडातून जातात. आई चमचा चाखून त्याच चमच्याने बाळाला भरवते आणि जंतूंना वाट मिळते. फिनलंडमध्ये काही आयांना बाळ तीन महिन्यांचे झाल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंत झायलिटॉलचे च्युइंगम चघळायला दिले. दोन वर्षांच्या वयात त्यांच्या मुलांपैकी दहापैकी एकाच्याच तोंडात ते जंतू सापडले. दुसऱ्या एका गटातील आयांच्या दातांना फक्त फ्लोराइडचा लेप दिला होता. त्या गटात हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. म्हणजे मुलाचे दात वाचवण्याचे काम आईच्या दातांपासून सुरू होते. आईची दाढ किडलेली असेल, तर ती आधी भरून घ्यावी. घरातल्या बाईचे दुखणे शेवटी पाहायचे, ही आपल्याकडची सवय येथे मुलालाच महाग पडते.

दुसरी बाजूही पाहावी

माल विकणारा फक्त गुण सांगतो. घेणाऱ्याने दोष विचारावेत. झायलिटॉलचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट पुराव्याची. जगभरच्या वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये झायलिटॉलवरील दहा चाचण्या तपासल्या. फ्लोराइडच्या टूथपेस्टमध्ये झायलिटॉल मिसळले, तर मुलांच्या कायमच्या दातांतील कीड नुसत्या फ्लोराइडपेक्षा सुमारे तेरा टक्क्यांनी कमी होऊ शकते, इतकेच तिला म्हणता आले, आणि तो पुरावाही कमी दर्जाचा ठरवला गेला. च्युइंगम, गोळ्या, सरबते यांच्याबद्दल ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. अर्थ असा की झायलिटॉल हा मदतनीस आहे, मालक नव्हे. मुख्य काम फ्लोराइडची पेस्ट आणि गोड खाण्याच्या वेळा कमी करणे यांनीच होते.

दुसरी गोष्ट पोटाची. झायलिटॉल आतड्यात पूर्ण शोषला जात नाही. जास्त खाल्ला की पोट फुगते, जुलाब होतात. म्हणून घरातला साखरेचा डबा रिकामा करून त्यात झायलिटॉल भरणे हा मार्ग नव्हे. पाच वर्षांखालील मुलाला च्युइंगम किंवा कडक गोळी देऊ नये. घशात अडकण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट नव्या संशोधनाची. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२४ मध्ये असे नोंदवले की ज्या प्रौढ लोकांच्या रक्तात झायलिटॉलचे प्रमाण जास्त होते, त्यांच्यात हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रमाणही अधिक आढळले. यावरून झायलिटॉलमुळेच ते झाले, असे सिद्ध होत नाही. ही पाहणी प्रौढांची होती, मुलांची नव्हे. तरी आपल्या शरीराला नव्या असलेल्या पदार्थाचा भडिमार करू नये, एवढा शहाणपणा त्यातून घ्यावा. घरात कुत्रा पाळलेला असेल तर आणखी सावध राहावे, कारण कुत्र्यासाठी झायलिटॉल विषारी आहे.

चौथी गोष्ट किमतीची. हा पदार्थ साखरेच्या कितीतरी पट महाग आहे. रोजावर जगणाऱ्या घराला तो परवडणार नाही, आणि न परवडणारा उपाय सांगून त्या घरातल्या आईला अपराधी वाटायला लावणे बरोबर नाही. तिला सांगायचे ते एवढेच, की सर्वांत मोठा उपाय फुकट आहे. दोन जेवणांच्या मध्ये गोड द्यायचे नाही आणि रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही द्यायचे नाही.

मालाची पारख

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक विचारते, रंग पक्का आहे का? आपण कोपरा भिजवून चोळून दाखवतो. दाताला न लागणाऱ्या गोडाचीही अशीच एक चाचणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ साली दातांना सोयीच्या पदार्थांची एक चळवळ सुरू झाली. पदार्थ खाल्ल्यावर अर्ध्या तासात दातावरील आम्ल ठरावीक मर्यादेपलीकडे गेले नाही, तरच त्यावर छत्रीखाली हसणाऱ्या दाताची खूण छापता येते. आपल्या बाजारात ही खूण क्वचितच दिसते. म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय दुकानदाराने स्वतःच लावून घ्यावी.

पाकिटावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. जे पहिले, ते सर्वांत जास्त. झायलिटॉल पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ठीक. शेवटून दुसरा असेल तर तो नावापुरता, दहा मीटर सुती कापडात एक धागा रेशमाचा असावा तसा. कधी नाव न छापता क्रमांक छापतात. झायलिटॉलचा क्रमांक ९६७, सॉर्बिटॉलचा ४२० आणि माल्टिटॉलचा ९६५. सॉर्बिटॉल त्या मानाने स्वस्त असतो आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये बहुधा तोच अधिक असतो. जंतू त्याचे आम्ल फार कमी करतात, म्हणून तो साखरेपेक्षा केव्हाही बरा.

स्टीव्हिया ही वनस्पतीही नैसर्गिक गोडीसाठी गाजते आहे. तिच्या पानांतील अर्क साखरेच्या दोनशे पटींहून अधिक गोड असतो आणि जंतू त्यापासून आम्ल करत नाहीत. पण इतका तीव्र अर्क चमच्याने घालता येत नाही, म्हणून काही पुड्यांत डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेले असते. या दोहोंपासून जंतू आम्ल करतातच. तसेच ‘वरून साखर घातलेली नाही’ आणि ‘बिनसाखरेचे’ या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात खजुराचा गर किंवा फळांचा घट्ट रस असू शकतो. आंबट गोळीत साखर नसली तरी सायट्रिक आम्ल असते, आणि ते जंतूच्या मदतीशिवायच दात झिजवते.

उसाच्या जिल्ह्यात

व्यापाऱ्याने लक्षात घेण्याजोगा आणखी एक मुद्दा आहे. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, असे साखर कारखाने आपल्या दोन जिल्ह्यांत उभे आहेत. एक टन ऊस गाळला की सुमारे पावणेतीनशे ते तीनशे किलो ओला बगॅस, म्हणजे चिपाडाचा भुसा उरतो. त्यात निम्मे पाणी असते. उरलेल्या कोरड्या भागातील साधारण चौथा हिस्सा अशा द्रव्याचा असतो, ज्यापासून झायलोज आणि पुढे झायलिटॉल बनवता येते. म्हणजे ज्या उसाची साखर दात किडवते, त्याच उसाच्या चिपाडात दाताला न लागणारी गोडी दडलेली आहे.

गुवाहाटीच्या आयआयटीमधील व्ही. एस. मोहोळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले आहे. बगॅसमधील झायलोज आंबवून झायलिटॉल करताना त्यांनी ध्वनीच्या अतिसूक्ष्म लहरींचा उपयोग केला. नेहमी जवळजवळ ४८ तास घेणारे आंबवण्याचे काम १५ तासांत झाले आणि उत्पादनही सुमारे वीस टक्क्यांनी वाढले, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. पण हा प्रयोगशाळेतला निकाल आहे. प्रयोगशाळेतील चंचुपात्र आणि कारखान्याची टाकी यांत मोठे अंतर असते. शिवाय आज बगॅस वाया जात नाही. कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, आणि काही ठिकाणी ती वीज विकतातही. झायलिटॉलला त्या विजेच्या भावाशी आणि मक्याच्या बुरकुंडापासून तयार होणाऱ्या चिनी मालाशी टक्कर द्यावी लागेल.

तरीही सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी वार्षिक सभेत हा प्रश्न विचारायला हरकत नाही. साखरेचा भाव पडला की दोन्ही जिल्ह्यांची बाजारपेठ थंड होते आणि आपल्या कापडालाही उठाव राहत नाही. उसापासून चौथा-पाचवा माल निघाला, तर त्याचा लाभ शेतकऱ्याबरोबर आपल्यालाही आहे. मात्र नव्या गोडाच्या नावाने कोणी लागवडीची रोपे किंवा एजन्सी गळ्यात मारू लागला, तर लेखी करार आणि खरेदीदाराची पत पाहिल्याशिवाय पैसा गुंतवू नये. तोंडी हमी ही कच्च्या रंगाची असते.

आपण काय करावे

घरातून सुरुवात करू. दात दोन वेळा घासावेत, आणि त्यातले रात्रीचे घासणे चुकवू नये. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी, तीत फ्लोराइडचे प्रमाण एक हजार पीपीएम किंवा अधिक असावे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. मुलाने ती गिळू नये, थुंकावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडच्या पेस्टचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे, यावरून तिचे महत्त्व कळावे. मिसवाकची ताकीद आपल्याला पूर्वापार आहे, आणि पीलूच्या काडीने दात स्वच्छ होतात यात शंका नाही. पण लहान मुलाच्या हाताला मागच्या दाढा काडीने नीट घासता येत नाहीत. म्हणून मिसवाक जरूर शिकवावी आणि रात्री आईबापाने स्वतः ब्रश फिरवावा.

दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांची काय काळजी, हा समज सोडावा. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि मागून येणाऱ्या दातांची जागा राखतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे एक दाढ येते. तिच्या जागी कोणताही दुधाचा दात पडलेला नसतो, म्हणून ती कायमची आहे हे पुष्कळ पालकांना कळत नाही. ती किडली की परत येत नाही. खोकल्याच्या गोड औषधानंतर चूळ भरायला लावावी. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. एक वर्षाखालील बाळाला मध तर देऊच नये, असे डॉक्टर दातांखेरीज दुसऱ्या कारणानेही सांगतात, कारण मधातून त्याला गंभीर विषबाधा होऊ शकते.

दात दुखण्याची वाट पाहू नये. सांगलीत आणि कराडला दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तेथे शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली तपासतात. सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते आणि तीत दातही पाहिले जातात. आपल्या उर्दू शाळांच्या व्यवस्थापनाने ही तपासणी वेळेवर होते की नाही, याचा पाठपुरावा करावा.

आता दुकान. सुट्ट्या रुपयाऐवजी गोळी देणे बंद करावे. गिऱ्हाईकाचा रुपया हा गिऱ्हाईकाचा हक्क आहे, त्याच्या बदली आपल्या पसंतीचा माल देणे सचोटीच्या व्यवहारात बसत नाही. किरकिरणाऱ्या मुलासाठी कापड दुकानदाराकडे गोळीपेक्षा चांगली वस्तू असतेच. कटपीसमधून निघालेल्या तुकड्याचा छोटा रुमाल किंवा चिंध्यांची बाहुली द्यावी. शिवणारी बाई मोहल्ल्यातच मिळेल, तिलाही दोन पैसे सुटतील, आणि रुमालावर दुकानाचे नाव छापले तर ती आपली जाहिरात. गोळी पाच मिनिटांत विरघळते, रुमाल वर्षभर घरात फिरतो. किराणा दुकानदाराने गोळ्यांची बरणी मुलाच्या हाताच्या उंचीवरून उचलून मागच्या फळीवर ठेवावी आणि पुढे फुटाणे ठेवावेत, अर्थात पाच वर्षांवरील मुलांसाठीच. शहरातल्या मोठ्या किराणा आणि औषध दुकानांनी झायलिटॉलचा माल थोडा ठेवून पाहावा, पण त्याची शिफारस करताना आधी पेस्टची आठवण करून द्यावी.

यात कोणाचा धंदा बुडणार नाही. गोळ्यांवरचा नफा कोणत्याही दुकानाच्या उत्पन्नात किरकोळ असतो. उलट मुलाच्या हातात गोळीऐवजी रुमाल ठेवणारा दुकानदार आईच्या लक्षात राहतो, आणि आपल्या धंद्यात आईचा विश्वास म्हणजे तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक. आपापल्या पेठेतील दहा-वीस दुकानदारांनी एकत्र बसून ठरवले, तर हा बदल महिनाभरात होऊ शकतो. त्यासाठी ना परवाना लागतो, ना भांडवल.